इब्न युनूसच्या पानांपाशी

नेदरलँडला जाऊन आले म्हटलं की मिरजेत प्रत्येक जण ट्यूलिपबद्दल विचारतो. ट्यूलिप मी पाहिले नाहीत. मी गेले तेव्हा दिवस दुपारीच मावळत होता, झाडांवर पान नव्हतं आणि माणसं मास्क लावून भराभर घराकडे निघालेली असत. पवनचक्कीही एकच पाहिली, तीसुद्धा आगगाडीच्या ओल्या काचेतून, पाठमोरी. मी गेले होते एका माणसाच्या हस्ताक्षराच्या शोधात. तेही त्याच्या स्वतःच्या हातचं नव्हे, कुणा लेखनिकानं केलेली नक्कल. तो माणूस हजार वर्षांपूर्वी कैरोत होऊन गेला आणि त्याचं निम्मं-अर्धं पुस्तक आज लायडन नावाच्या डच गावात आहे.

त्याचं नाव इब्न युनूस. ते मला पहिल्यांदा सांगितलं आमच्या शाळेतल्या शेख सरांनी. मी गणित शिकवायचे, ते विज्ञान. हिवाळ्यात शाळेच्या गच्चीवर मुलांना तारे दाखवायचा उद्योग आम्ही दोघांनी निवृत्त होईपर्यंत केला. मुलं चंद्रावरचे खड्डे बघायला दुर्बिणीपाशी रांग लावायची आणि सर म्हणायचे, "त्यातला एक खड्डा आपल्या माणसाच्या नावाचा आहे. इथून दिसत नाही, पार कडेला आहे. पण आहे." आपला माणूस म्हणजे इब्न युनूस. त्याचा उल्लेख ते एखाद्या आतेभावाचा करावा तसा करायचे.

कापेल आन डेन आयसेल

रॉटरडॅमला चिकटून असलेल्या या गावात माझा मुलगा निखिल, सून प्राजक्ता आणि नात ईरा राहतात. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी मिरजेत एकटी आजारी पडले तेव्हा निखिलला येता आलं नव्हतं. ते त्याच्या मनाला इतकं लागलं, की प्रवासाची वाट जराशी मोकळी होताच त्यानं मला बोलावूनच घेतलं. मी आले ती अर्धीच. आजारानं वास नेला होता, चव नेली होती आणि जिना चढताना मधे थांबायची सवय लावली होती. डच घरांतले जिने शिडीसारखे उभे असतात. निखिलच्या घरी मी ते बसून उतरायचे, एकेक पायरी, लहान मूल उतरतं तसं. ईराला त्याची गंमत वाटायची. मी मराठीत काही विचारलं की तिला सगळं कळायचं, पण उत्तर डचमध्ये यायचं. प्राजक्ता मधे उभी राहून भाषांतर करायची आणि दोघींकडे बघून उसासा टाकायची.

दिवस सारखेच जायचे. खिडकीतून कालवा दिसायचा, पलीकडे ऑफिसांच्या काचेच्या इमारती, त्यात दिवे लागलेले आणि माणूस एकही नाही. निखिल वरच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसून नोकरी करायचा. दुपारी सगळे पाव आणि चीज खायचे, उभ्या उभ्या, जेवण म्हणजे एक काम असल्यासारखं. मी माझ्यापुरता भात लावायचे. प्राजक्ता म्हणायची, "आई, काय सुंदर वास सुटलाय." मी मान डोलवायचे.

लायडनला जायचं मी मिरजेहून निघतानाच ठरवलं होतं. खरं तर आम्ही दोघांनी ठरवलं होतं. शेख सरांची मुलगी यास्मिन फेल्डहोवनला नोकरीला लागली तेव्हा सरांनी पेढे वाटले. लोक पगाराचं अभिनंदन करत होते आणि सर सांगत होते, "लायडन तिथून जवळ आहे." त्यांच्या पत्नी आधीच गेलेल्या. मग मी आणि ते, माझा निखिल तिकडे, त्यांची यास्मिन तिकडे, असं मिळून जायचं ठरलं. तिकिटं काढली आणि जग बंद झालं. तिकिटं रद्द झाली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सर गेले. विमानं बंद होती, यास्मिनला येता आलं नाही.

निखिलनं ग्रंथालयाला लिहून माझ्यासाठी वेळ मागितली. या देशात प्रत्येक गोष्टीला वेळ घ्यावी लागते. डॉक्टरकडे, केस कापायला, अगदी शेजाऱ्याकडे चहाला जायचं तरी. वेळ मिळाली तशी मी यास्मिनला फोन केला.

"या ना, बाई," ती म्हणाली. माझी विद्यार्थिनी ती, पाचवीपासून दहावीपर्यंत, त्यामुळे अजून बाईच म्हणते. "या, राहा चार दिवस. पण लायडनचं मला विचारू नका. मी येणार नाही."

"का गं?"

"काम आहे."

मी फोन ठेवला आणि निखिलला म्हटलं, मी आधी फेल्डहोवनला जाते.

"आई, लायडन इथून एवढंसं आहे. तू उलट्या दिशेला चाललीयेस."

"माहीत आहे," मी म्हटलं.

ब्रेडा

आगगाडी रॉटरडॅमहून सुटून मोठ्या नदीवरच्या पुलावरून गेली आणि मग दोन्ही बाजूंना नुसतं सपाट, हिरवं, ओलं. आमच्याकडे सपाट म्हटलं तरी कुठे तरी दंडोबाचा डोंगर दिसतोच. इथे नजर अडकायला काही नाही. गाई पाण्याच्या चरांच्या कडेनं उभ्या होत्या, कुंपण नाही, गुराखी नाही.

ब्रेडाला गाडी थांबली ती थांबलीच. डब्यात काहीतरी घोषणा झाली आणि सगळे मुकाट्यानं उतरले. शेजारच्या बाईनं इंग्रजीत सांगितलं, इथून पुढे गाडी नेणारे कर्मचारी आजारी आहेत, पुढच्या गाडीची वाट बघा. कुणी चिडलं नाही, कुणी कुणाला जाब विचारला नाही. दोन वर्षांत माणसं थकून गेली होती, भांडायचीही शक्ती उरली नव्हती. मला ते फार ओळखीचं वाटलं.

फलाटावर वारा कापत होता. समोर रस्त्यापलीकडे एक छोटं हॉटेल दिसलं, आत पिवळे दिवे. दारातल्या तरुण मुलीनं मोबाइलवरचा कोड मागितला. मी माझं लशीचं प्रमाणपत्र काढून दाखवलं. तिनं तीन-चारदा यंत्र लावलं. प्रत्येक वेळी लाल.

"सॉरी, मॅडम. भारताचा कोड आमच्या ॲपला वाचता येत नाही."

"दोन्ही डोस झालेत," मी कागदावर बोट ठेवून म्हटलं.

"मला दिसतंय," ती म्हणाली. "ॲपला दिसत नाही."

मी बाहेरच्या लोखंडी खुर्चीत बसले, कारण पाय पुढे जाईनात. थोड्या वेळानं तीच मुलगी वाडगा घेऊन बाहेर आली. वाटाण्याचं सूप, इतकं घट्ट की चमचा उभा राहील. माझ्या मांडीवर तिनं एक लोकरी पांघरूण टाकलं आणि म्हणाली, बाहेर बसायला कोड लागत नाही. वाटाणे शिजून गाळ झालेले, आपल्या आमटीच्या तळाशी राहतात तसे. चव लागत नव्हती, पण ऊब घशाखाली उतरत गेली. मी वाडगा पुसून खाल्ला. आमच्याकडे दारातून परत पाठवायचं तर माणूस आधी आवाज चढवतो. हिनं नियमही मोडला नाही आणि मला उपाशीही ठेवलं नाही. नियमाच्या कडेकडेनं माणुसकी कशी करायची, हे या लोकांना जमतं.

फेल्डहोवन

यास्मिन बसथांब्यावर सायकल धरून उभी होती. माझी बॅग तिनं सायकलच्या मागे बांधली आणि आम्ही चालत निघालो. चिप बनवायची यंत्रं तयार करणारी एक मोठी कंपनी या गावात आहे, ती तिथे प्रकाशाच्या विभागात काम करते. रस्त्यात जो तो सायकलवर. पंजाबी, तमिळ, चिनी, पोलिश, सगळे एकाच कंपनीचे आणि सगळ्यांचा चेहरा ऑनलाइन मीटिंगमधून उठून आल्यासारखा.

मी तिला नीट पाहिलं ते घरी मास्क काढल्यावर. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. तिनं खिमा केला होता, माझ्यासाठी वेगळी वांग्याची भाजी. कांदा-लसूण मसाला मिरजेहूनच आलेला.

"अब्बांनी पाठवलेला शेवटचा डबा," ती म्हणाली. "पुरवून पुरवून वापरतेय."

मला चव लागत नाही हे मी सांगितलं नाही. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

जेवताना मी मुद्दाम इब्न युनूसचा विषय काढला. सर सांगायचे तसाच सांगितला. कसा तो उंच, काटकुळा माणूस होता, डोक्यावर लांबुडकी टोपी, तिच्यावर पागोटं, वर पुन्हा खांद्यावरचं वस्त्र गुंडाळलेलं. गाढवावरून निघाला की कैरोतले लोक हसायचे. कविता करायचा, गंमत म्हणून वीणेसारखं वाद्यही वाजवायचा म्हणतात. दोन खलिफांच्या पदरी राहून त्यानं वर्षानुवर्षं आकाश पाहिलं. ग्रहणं, ग्रहांच्या युती, सूर्याची उंची, सगळं टिपून ठेवलं आणि ते मोठं पुस्तक खलिफा हाकिमच्या नावानं केलं. हा हाकिम लहरी, कधी कुणाचं डोकं उडवेल याचा नेम नाही. अशा दरबारात राहून हा माणूस शांतपणे चंद्र मोजत बसला. त्याच्या वेळेच्या कोष्टकांवर कैरोच्या मशिदींतल्या नमाजाच्या वेळा शेकडो वर्षं ठरत राहिल्या. त्याच्या ग्रहणांच्या नोंदी युरोपातल्या लोकांनी पुढे चंद्राची गती तपासायला वापरल्या.

"आणि मेला कसा, ते सांगा की," यास्मिन म्हणाली. "अब्बांचा आवडता भाग."

सांगतात की तब्येत ठणठणीत असताना त्यानं जाहीर केलं, आठवड्याभरात मी मरणार. व्यवहार उरकले, घराचं दार लावून घेतलं, स्वतःच्या कागदांवरची शाई धुऊन काढली आणि कुराण म्हणत बसला. सांगितल्या दिवशी गेला. उरलेले कागद मुलानं साबणवाल्यांच्या बाजारात वजनावर विकले. सर यावर नेहमी म्हणायचे, "मिरजेत असता तर भेळवाल्याकडे गेले असते. निदान कुणीतरी खाता खाता वाचले असते."

मी हसले. यास्मिन हसली नाही. तिनं ताट बाजूला सारलं.

"बाई, तुम्हाला एक सांगू? दर रविवारी फोनवर ते विचारायचे, लायडनला गेलीस का? मी म्हणायची, जाईन अब्बा, पुढच्या महिन्यात. प्रोजेक्ट, मग थंडी, मग लॉकडाऊन. शेवटचा फोन आला तो हॉस्पिटलमधून. ऑक्सिजन लावलेला, शब्द तुटत होते. तरी तेच. गेलीस का? मी म्हटलं, हो अब्बा. गेले होते. बघितलं."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"मग ते विचारायला लागले. कागद कसा आहे? शाई कुठल्या रंगाची? आणि मी सांगत सुटले, बाई. जांभळट शाई आहे म्हटलं. कडेला सोनेरी वेलबुट्टी आहे, पानभर. मनाला येईल ते. ते ऐकत होते. नंतर फोन कट झाला. पुन्हा बोलणंच नाही झालं." ती उठून ओट्याकडे गेली आणि पाठ करून उभी राहिली. "आता खरं पान बघायला मी कुठल्या तोंडानं येऊ? तिथे वेलबुट्टी नसेल. मला माहीत आहे, नसेल."

 बोलण्यासारखं माझ्याकडे होतं आणि तेच अवघड होतं. त्याच संध्याकाळी हॉस्पिटलमधून सरांचा मलाही फोन आला होता. त्यांना दम लागत होता आणि ते हसत होते. "बाई, यास्मिन लायडनला जाऊन आली म्हणते. पानभर वेलबुट्टी आहे म्हणे! ग्रहांच्या कोष्टकाला कोण वेलबुट्टी काढतो हो?" एवढं बोलून ते इतके हसले, की नर्सनं फोन काढून घेतला.

म्हणजे त्यांना कळलं होतं. आता हे मुलीला सांगायचं कसं? तू शेवटचं बोललीस ते खोटं होतं आणि ते तुझ्या वडिलांनी ओळखलं होतं, असं कुणी कुणाला सांगतं का? ती इतके महिने निदान एवढ्यावर तरी जगत असेल, की अब्बा समाधानानं गेले. मी तिच्या सोफ्यावर पडून विचार करत राहिले आणि उत्तर न सापडताच झोपी गेले. तेव्हा मी अशीच असायचे, प्रश्न संपायच्या आत अंग संपायचं.

सकाळी ती तयार होऊन उभी.

"तुम्हाला एकटीला सोडवत नाही. जिन्यात थांबता तुम्ही. दारापर्यंत येते, आत येणार नाही."

लायडन

लायडन सुंदर गाव आहे, असं म्हणतात. मला आठवतात ते कालव्यात पडलेले पिवळे दिवे, विटांचे ओले रस्ते आणि भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेल्या परक्या भाषांतल्या कविता. स्टेशनपासून आम्ही सावकाश चाललो. पुलावर एक माणूस गाडीवर ताजे स्ट्रोपवाफल भाजत होता, दोन पातळ वेफर आणि मधे काकवीसारखा पाक. यास्मिननं एक घेऊन मला दिलं. माझ्या बोटांना ते चिकट आणि गरम लागलं, जिभेला नुसतं गरम.

ग्रंथालयाच्या दाराशी ती थांबली. "मी इथे कालव्यापाशी बसते," म्हणाली आणि वळून गेलीसुद्धा.

आत सॅनिटायझर, मास्क, दीड मीटर अंतर. कोट, पिशवी, पेन, सगळं बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. पिकल्या केसांच्या एका उंच बाईंनी मला मोठ्या टेबलापाशी बसवलं. मग त्यांनी दोन्ही हातांवर तोलून एक जाड, तपकिरी ग्रंथ आणला आणि फोमच्या उशीवर ठेवला, बाळंतिणीनं बाळाला ठेवावं इतक्या हलक्या हातानं. खोलीत आणखी कुणी नव्हतं.

मी पान उलटलं. काळपट शाई, दाट ओळी, मग चौकटीच चौकटी, चौकटींत बारीक बारीक अक्षरं. वेलबुट्टी नव्हती.

आपल्याला काहीतरी वाटेल, असं मी धरून आले होते. इतकी वर्षं ऐकलेलं, सरांचं बघायचं राहिलेलं, समुद्र ओलांडून आलेली मी. डोळे भरून येतील, निदान अंगावर काटा. काही झालं नाही. मला अरबीचं एक अक्षर येत नाही. मी त्या पानासमोर अडाणी माणसानं कोर्टाच्या नोटिशीसमोर बसावं तशी बसले होते आणि पाठ दुखत होती. मला वाटलं, आपण उगीच आलो. मग वाटलं, निदान ही अक्षरं वाचता येणारं, लहानपणी कुराण शिकलेलं माणूस बाहेर थंडीत बसलंय.

त्या बाईंना मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की माझी एक विद्यार्थिनी बाहेर आहे, तिला आत घेता येईल का? त्यांनी जरा विचार केला. एका टेबलाशी एकच माणूस, हा नियम. मग त्या म्हणाल्या, "ती तुमच्या जागी बसू शकेल. तुम्ही त्या पलीकडच्या टेबलाशी बसा. आज दुसरं कुणीच नाही, थोडं बोललात तरी चालेल."

दारात जाऊन मी फोन लावला.

"यास्मिन, मला यातलं काही वाचता येत नाही. तू ये."

"बाई, नको. सांगितलं ना."

माझ्या अंगात ताकद नव्हती, समजूत घालायला शब्दही नव्हते. तोंडातून जे निघालं ते इतक्या वर्षांच्या सवयीनं निघालं.

"यास्मिन शेख, फळ्यापाशी ये."

 फोनमध्ये विटांवर पावलं वाजायला लागली.

ती आली, हात धुतले, बसली. पानाकडे बघायच्या आधी तिनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पहिल्यांदा तिची नजर कडेला गेली, समासाकडे. कोरा, डागाळलेला समास. ती बराच वेळ तिकडेच बघत राहिली. दीड मीटरावरून मला तिचा फक्त मास्क वरखाली होताना दिसत होता.

"वर काय लिहिलंय?" मी विचारलं. वर्गात विचारायचे तसंच.

"जीम... ये... बे." ती अडखळली. "जेब? बाई, इथे खिसा का लिहिलाय?"

आणि मला हसू फुटलं. किती तरी महिन्यांनी. कारण हे मला माहीत होतं, सरांनीच गच्चीवर बसून मला सांगितलं होतं. आपल्याकडच्या ज्योतिषांनी वर्तुळातल्या अर्ध्या दोरीला धनुष्याची दोरी म्हटलं, ज्या किंवा जीवा. ते गणित अरबांकडे गेलं तेव्हा त्यांनी तो शब्द तसाच उचलला, जिबा. अरबीत स्वर लिहीत नाहीत. पुढच्यांनी ज-ब बघितलं आणि ओळखीचा शब्द वाचला, जैब, म्हणजे कपड्याची खोळ, खिसा. युरोपवाल्यांनी त्याचंच लॅटिनमध्ये भाषांतर केलं, सायनस, आणि त्याचा साइन झाला.

"म्हणजे आपण शाळेत साइन साइन करत होतो, तो खिसा होता?"

"त्याच्याआधी ज्या होती. हे साइनचं कोष्टक आहे, यास्मिन. खालचे आकडे वाच."

"आकडे नाहीत. अक्षरंच आहेत." मग तिचा आवाज बदलला. "थांबा. अबजद आहे. अलिफ एक, बे दोन. अब्बा लहानपणी मला एसटीच्या नंबर प्लेट या अक्षरांत वाचायला लावायचे. मला वाटायचं, वेळ घालवायला."

एक अंशाच्या ओळीवर तिनं बोट धरलं, पानाला न टेकवता. "अलिफ, एक. बे, दोन. मग मीम-तोय, चाळीस आणि नऊ, एकोणपन्नास. पुढचं... मीम आहे, चाळीस. पण त्याच्यानंतरचं कळत नाही. नुक्ता, टिंबच नाही."

त्या लोकांनी त्रिज्या साठ धरली होती आणि पुढचे भागही साठ-साठाचे, आपल्या मिनिट-सेकंदांसारखे. मी पेन्सिलनं कागदावर मांडलं. मोबाइलवर एक अंशाचा साइन काढला, साठनं गुणला, पूर्णांक सोडून पुन्हा साठनं, पुन्हा साठनं. एक. दोन. एकोणपन्नास. 

"त्रेचाळीस यायला हवेत."

"मीम आणि तीन... तीन म्हणजे जीम." ती पानावर वाकली. "हो. जीमच आहे. शेपूट तोडलंय त्याचं. बाई, बरोबर आहे! त्रेचाळीस!"

ती मोठ्यानं बोलली होती. पिकल्या केसांच्या बाईंनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

मग आम्ही थांबलोच नाही. ती वाचायची, मी ताडून बघायचे. ऑफिसात दिवसभर प्रकाशाची अतिसूक्ष्म मोजमापं करणारी ती मुलगी म्हणत होती, "दुर्बीण नव्हती, काही नव्हतं. हातानं केलंय हे सगळं, हातानं." ग्रंथालयातल्या त्या बाई ग्रंथ न्यायला आल्या तेव्हा यास्मिन उठून उभी राहिली आणि त्यांना वाट दिली, वर्गात शिक्षक आल्यावर मुलं उभी राहायची तशी.

बाहेर आल्यावर मला चालवेना. कालव्याकाठच्या ओल्या बाकावर आम्ही टेकलो.

"वेलबुट्टी नाहीये," ती म्हणाली.

तेव्हा मी तिला सांगितलं. ठरवून नाही. ती आता ऐकू शकेल असं वाटलं, एवढंच. सरांचा फोन, त्यांचं वाक्य, जसंच्या तसं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे त्यांना कळलं होतं."

"लगेच."

"आणि चिडले?"

"हसले. इतके हसले की नर्सनं फोन काढून घेतला."

"कसे हसले?"

"तुला माहीत आहे कसे. आवाज न करता, खांदे हलवत. फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. मी घाबरले, मग कळलं की हसतायत."

"खरं सांगताय ना, बाई? मला बरं वाटावं म्हणून नाही ना?"

"मला एवढं रचता येत नाही. मी गणिताची."

ती हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत, आणि ते हसणं कुठे संपून रडणं सुरू झालं ते मला समजलं नाही. दीड मीटरचं अंतर आम्ही तिथे मोडलं. तिचा मास्क भिजून गेला, मी पिशवीतला दुसरा दिला. सायकलवरून जाणारी माणसं आमच्याकडे न बघता गेली. इथे रडणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही. आमच्याकडे चौकशीला घोळका जमला असता. त्या दिवशी मला डच रीतच बरी वाटली.

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं लावून बसली. फेल्डहोवनला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. तिनं बूट काढले, कोटासकट पलंगावर आडवी झाली आणि बोलता बोलता झोपली. एप्रिलपासून सलग झोप लागली नव्हती, हे तिनं मला पुढे केव्हातरी सांगितलं. मी तिच्यावर रजई टाकली आणि दिवा मालवला.

सकाळी ती उठली नाही. मी चहा करून घेतला, भांडी घासली, खिडकीशी बसले. दोनदा दार ढकलून बघितलं, श्वास संथ चालला होता. दुपारी निखिलचा फोन आला. आवाजात घाई होती.

"आई, पुन्हा सगळं बंद करणारेत. दुकानं, शाळा, लायब्ररी, सगळं. आज ना उद्या जाहीर होईल. तू लगेच निघ. गाड्यांचं काय होईल सांगता येत नाही."

"येते," मी हळू आवाजात म्हटलं. "यास्मिन झोपलीय. तिची झोप झाली की निघते."

"अगं, पण ती उठणार कधी?"

"उठेल तेव्हा उठेल," मी म्हटलं आणि फोनचा आवाज बंद करून ठेवला.